मॅडम, ह्ये वाचणार कोण हाय?

सांगली जिल्ह्यात विट्याच्या बाजूला, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. बऱ्याच दिवसांपासून हे लिहायचं मनात होतं, पण वह्या, घटक चाचण्या, निवडणुकीची कामं यातून राहूनच जात होतं. आज रविवार आहे, चहा झालाय, समोर नववी ब च्या त्रेचाळीस वह्या पडल्यात, त्या बाजूला सारून आधी हे लिहिते.

२०१९ चा दहावीचा निकाल इंग्रजीच्या शिक्षकांना तरी चांगलाच आठवत असेल. त्या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत, म्हणजे शाळेनेच द्यायचे, २० मार्क काढून टाकले होते, पेपर १०० चा झाला, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी २० मार्क परत आले, पुन्हा ८० चा लेखी पेपर, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र नाही वाटलं, कारण त्या एका वर्षी मला जे दिसलं ते मार्क परत आले म्हणून जाणार नव्हतं. माझी पोरं उताऱ्याखालचे प्रश्न सोडवत होती, डू ॲज डायरेक्टेड करत होती, व्हॉइस बदलत होती, पण पेपरात पत्र, बातमी, गोष्ट पुढे न्या असा प्रश्न आला की पान कोरं. किंवा गाईडमधलं पाठ केलेलं पत्र, मग प्रश्न काही का असेना.

तर २०१९ च्याच जूनमध्ये नववीच्या वर्गावर पहिलाच लेखनाचा तास, मी नेहमीसारखं फळ्यावर लिहिलं, राईट अ लेटर टू युवर फ्रेंड इनव्हायटिंग हिम टू युवर व्हिलेज, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, उठून म्हणाला, "मॅडम, ह्ये वाचणार कोण हाय?"

वर्ग हसला. मी म्हणाले, मी वाचणार. तो म्हणाला, "तुमी तर हितलंच हाय की मॅडम, तुमाला गाव दावून काय करू?"

त्याला उद्धटपणा करायचा नव्हता हो, खरंच प्रश्न पडला होता त्याला. मी त्या दिवशी काहीतरी उत्तर देऊन तास संपवला, पण घरी आल्यावर मागच्या वर्षीच्या निबंधवह्या काढून बसले आणि बेचाळीस पत्रं सलग वाचली. बेचाळीसही पत्रांत आय ॲम फाईन हिअर अँड होप द सेम फ्रॉम यू. बेचाळीसही गावांत नदी खळखळत वाहते, आणि आमच्या गावाला तर नदीच नाही, एक ओढा आहे तो पण पावसाळ्यातले चार दिवस. मी त्यावर लाल पेनने गुड लिहिलेलं होतं, सही केलेली होती.

इथे आमच्या भागाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा सगळा दुष्काळी पट्टा. पाणी नाही म्हणून इथली माणसं गलाईच्या धंद्यात गेली, गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम, सराफ बाजाराच्या गल्लीत छोटं दुकान, त्यात भट्टी, सोनं वितळवायची मूस, ॲसिड. १९७२ च्या दुष्काळानंतर तर घरटी एक माणूस बाहेर पडला असं म्हातारी माणसं सांगतात. आज माझ्या वर्गात कुणाचा काका कोईमतूरला, कुणाची आत्या सेलमला, कुणाचे वडीलच त्रिशूरला, कुणाचं अर्धं घर विजयवाड्याला. ही माणसं जत्रेला आणि दसऱ्याला गावी येतात, मे महिन्यात पोरंबाळं येतात, आणि घरात बोलणं मराठीतच होतं. पण ती तिकडे वाढलेली पोरं इंग्लिश मिडियमला आहेत, तमिळ किंवा मल्याळम त्यांना लिहिता वाचता येतं, मराठी बोलतात पण देवनागरी वाचायची म्हटली की अडखळतात, काहींना तर अजिबातच वाचता येत नाही.

म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलीला आपल्या सख्ख्या चुलत बहिणीला काही लिहून कळवायचं असेल तर दोघींना वाचता येईल अशी एकच भाषा उरते, ती इंग्रजी. इतकी वर्षं मी शिकवत होते आणि ही गोष्ट माझ्या नाकासमोर होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारलं, तुझं कोण आहे बाहेर? "चुलता हाय कोईमतूरला, त्येचा पोरगा माज्याएवढा हाय." म्हटलं, मग त्याला लिही. तो म्हणाला, "खरंच धाडायचं?" म्हटलं, खरंच धाडायचं, पाच रुपयांचं तिकीट लावून पोस्टाने धाडायचं.

पुढे काय झालं ते सांगायच्या आधी ध्येयाबद्दल लिहिते, कारण नुसतं "खरं पत्र लिहायला लावा" एवढं सांगून भागत नाही, ते मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

आपण शिक्षक पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या आराखड्यात, अध्ययन निष्पत्ती (मुलांना शेवटी काय यायला हवं ते) लिहितो ना, विद्यार्थ्यांमध्ये इंग्रजी लेखन कौशल्य विकसित होईल, वगैरे. मी पण वर्षानुवर्षं तेच लिहीत आले. आता मला सांगा, शुक्रवारी घरी जाताना एखाद्या मुलीला कसं कळणार की तिचं कौशल्य विकसित झालं का नाही? मलाच कळत नव्हतं तर तिला कुठून कळणार. म्हणून मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखली आणि त्यात दर सोमवारी एकच वाक्य लिहायला लागले, ते पण मराठीत, आणि मुलाच्या तोंडचं. उदाहरणार्थ, "शुक्रवारपर्यंत मी काल घडलेली एक गोष्ट सहा वाक्यांत लिहीन आणि सहाही क्रियापदं भूतकाळात असतील." बस. यात मोजता येतं. सहा वाक्यं झाली का, झाली. क्रियापदांखाली रेघ मारा, सगळी भूतकाळात आहेत का, एक गो राहिलंय, त्याचं वेन्ट करा. हे पोरगं स्वतः करू शकतं, शेजारच्याचं पण तपासू शकतं, त्यासाठी मी लागत नाही.

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर मराठी का, असं मला विचारलं गेलं, आणि विचारणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण कुठे पोचायचंय तेच जर मुलाला न कळणाऱ्या भाषेत सांगितलं तर ते पोचणार कसं? रस्ता इंग्रजीचा आहेच, पाटी तरी त्याला वाचता येऊ दे.

आणि ध्येय ठरवताना पुस्तकातला घटक बघून नाही ठरवायचं, वाचणाऱ्याला काय लागेल ते बघून ठरवायचं, हे मला सगळ्यात उशिरा सुचलं. कोईमतूरच्या भावाला पत्र लिहायचंय. त्याला मे महिन्यानंतर गावात काय काय झालं ते हवंय, म्हणजे भूतकाळ लागणार. आत्ता काय चाललंय ते हवंय, म्हणजे इज आणि आर ला आयएनजी लागणार. घर कुठे, नवीन टाकी कुठे, म्हणजे नेक्स्ट टू, बिहाईंड, ऑपोझिट लागणार. तीन आठवडे, तीन वाक्यं फळ्यावर. व्याकरणाचा क्रम पुस्तकाप्रमाणे राहिला नाही पण वर्षाअखेर सगळं झालं, राहिलं काहीच नाही.

मराठी मुलाची इंग्रजी कुठे अडते ते आता मला पाठ झालंय. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी, त्यामुळे आय मँगो ईट. आपल्याकडे "टेबलावर", "घरात", सगळं शब्दाच्या मागे चिकटतं, आणि इंग्रजीत ते पुढे येऊन बसतं. "मला दोन भाऊ आहेत" याचं टू मी टू ब्रदर्स आर. आणि अ, ॲन, द हे तर आपल्याकडे नाहीच, त्यामुळे मुलं एकतर कुठेच लावत नाहीत नाहीतर मीठ भुरभुरल्यासारखं सगळीकडे लावतात. पूर्वी मी हे सगळं एकाच वेळी तपासायचे. वही परत गेली की पान लालभडक, आणि पोरगं एक नजर टाकून वही मिटायचं. आता आठवड्याचं जे ध्येय आहे तेवढंच तपासते. भूतकाळाचा आठवडा असेल तर अ आणि द च्या चुकांना हात लावत नाही, दिसल्या तरी नाही. सुरुवातीला माझा हात शिवशिवायचा. एका तपासणीच्या वेळी वह्या नीट तपासलेल्या नाहीत असा शेरा पण पडला, वाईट वाटलं, पण मी ती पद्धत सोडली नाही. फक्त आता वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडूनच लिहून घेते की या वहीत मॅडम कधी काय तपासणार आहेत, म्हणजे बघणाऱ्यालाही कळतं आणि घरच्यांनाही.

तर पत्रं. पहिल्या वर्षी शेहेचाळीस पत्रं लिहिली गेली. एकदा कच्चं लिहायचं, मग शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवायचं, त्याने तीन प्रश्न विचारायचे, आणि त्या प्रश्नांची उत्तरं घालून पुन्हा लिहायचं. हे तीन प्रश्न फार कामाचे आहेत बरं का. "आमची शेळी व्याली" एवढंच लिहिलेल्या मुलीला शेजारणीने विचारलं, कधी, किती पिल्लं, नावं काय ठेवली? झालं, एका वाक्याची पाच वाक्यं. मी वर्षभर घसा कोरडा करून "डिटेलमध्ये लिहा" सांगत होते ते त्या पोरीने एका मिनिटात केलं.

पाकिटं घेतली, पत्ते घातले, पिनकोड शोधताना पोरांना भारताच्या नकाशावर सेलम आणि मदुराई सापडलं, आणि मी पोस्टात नेऊन टाकली. पंधरा दिवस काही नाही. मग एक उत्तर आलं, मग दोन, असं करत महिन्याभरात नऊ. शेहेचाळीसातली नऊ. ज्यांना आली ती वर्गभर नाचली आणि ज्यांना नाही आली ती गप्प झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे वर्गात आठ-दहा जण असे होते की ज्यांचं गलाईत कुणीच नाही. मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांची पोरं, मजुरी करणाऱ्यांची पोरं. त्यांना मी "कुणालातरी लिहा" असं सांगितलेलं. म्हणजे ज्या प्रश्नावरून हे सगळं सुरू झालं, वाचणार कोण, तो त्यांच्यासाठी मी तसाच ठेवला होता. ही माझी चूक होती आणि ती मला त्यातल्या एका मुलाचं तोंड बघून कळली, कुणी सांगावं लागलं नाही.

त्यानंतर दोन बदल केले. एक म्हणजे पत्र दोघांनी मिळून एकाला लिहायचं, तुझा भाऊ तो माझा पण, मग उत्तर पण दोघांना. आणि दुसरं, जत्रेला गावात जे पाहुणे येतात, गलाईवाल्यांबरोबर त्यांचे तिकडचे दोस्त, शेजारी, कधी सराफाच्या घरची माणसं, ज्यांना मराठी येतच नाही, त्यांच्यासाठी गावाची माहिती देणारं इंग्रजी पत्रक पूर्ण वर्गाने काढायचं. ग्रामदैवत कुठलं, पालखी कधी निघते, प्यायचं पाणी कुठे, जेवणाची पंगत कुठे, शेवटची एसटी किती वाजता. एका पानाचं पत्रक. एसटीची वेळ चुकली तर माणूस रात्रभर अडकेल हे पोरांना बरोबर कळलं, ते स्वतः स्टँडवर जाऊन वेळ तपासून आले, मला सांगावं लागलं नाही. मेंढपाळांच्या पोराने धनगरांच्या गजी नाचाबद्दल चार ओळी लिहिल्या, त्या बाकी कुणाला लिहिताच आल्या नसत्या, आणि जत्रेत एका तमिळ काकांनी पत्रक हातात धरून त्यालाच गाठून विचारलं, व्हेअर इज धिस डान्स? तो त्यांना हाताला धरून घेऊन गेला. बोलला काहीच नाही, लाजला, पण घेऊन गेला.

आता ज्या पत्राने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सांगते.

एका मुलीने कोईमतूरच्या बहिणीला लिहिलं होतं की या वर्षी पाऊस आला नाही, विहीर कोरडी पडली, बाजरी वाळून गेली. ध्येय होतं भूतकाळ, सगळी क्रियापदं बरोबर, मी खूश. टेंभू उपसा योजनेचं पाणी आता आमच्या भागात येतं, कऱ्हाडजवळून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आणतात, पण सगळ्या वाड्यावस्त्यांवर ते सारखं पोचत नाही, आणि हिचं शिवार वरच्या अंगाला. बहिणीचं उत्तर आलं. त्यात लिहिलेलं, तू लिहितेस पाऊस आला नाही, पण आजोबा तर बाबांना फोनवर सांगतात की सगळं छान आहे, काही काळजी करू नका, मग खरं काय?

ती पोरगी ते पत्र घेऊन माझ्याकडे आली, चेहरा उतरलेला. "मॅडम, आता काय लिवू?"

मला खरंच पटकन काही सुचलं नाही. म्हातारा माणूस परमुलखात राबणाऱ्या लेकाला काळजी नको म्हणून सगळं बरं आहे सांगतो, आणि नात इंग्रजीचा गृहपाठ म्हणून खरं लिहून बसते. मी तिला म्हटलं, हे मी ठरवायचं नाही, तू पण एकटीने नाही ठरवायचं, आजोबांना विचार. दोन दिवसांनी ती आली. आजोबा आधी गप्प बसले म्हणे, मग म्हणाले, "लिव. पाऊस न्हाय, पर शेरडं बरी हायती. दोनी लिव."

दोन्ही लिव. ते तिला एका वाक्यात बसवायचं होतं आणि बट पेक्षा तिला काहीतरी जास्त हवं होतं. त्या आठवड्याचं माझं ध्येय वेगळं ठरलेलं होतं, ते मी पुसलं आणि ऑल्दो शिकवलं. ऑल्दो देअर इज नो रेन, द गोट्स आर वेल. अख्ख्या वर्गाने त्या दिवशी आपापल्या घरातलं एक बरं आणि एक वाईट शोधून एका वाक्यात जोडलं. ऑल्दो आणि बट एकाच वाक्यात घालायची चूक, जी आपली मुलं "जरी… तरी" च्या सवयीने हमखास करतात, ती पण तेव्हाच निस्तरली, कारण जरीचं तरी इंग्रजीत लागत नाही हे त्यांना दाखवायला समोर खरी वाक्यं होती. मी इतकी वर्षं हा जोडशब्द "जॉइन द सेंटेन्सेस" म्हणून शिकवला होता. जोडायचं कशाला ते कधी सांगितलंच नव्हतं.

७२ च्या दुष्काळाच्या मुलाखती पण आम्ही केल्या, आजी-आजोबांशी मराठीत बोलायचं आणि इंग्रजीत लिहायचं. पेपरात भाषांतराचा प्रश्न असतोच, त्याची तयारी त्यातच होते. तिथे सुकडी हा शब्द अडला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी नावाचं तयार कोरडं खाणं मिळायचं, मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. सुकडीला इंग्रजीत काय म्हणायचं? पोरं डिक्शनरी घेऊन बसली, फोनवर शोधलं, काहीतरी भलतंच निघालं. शेवटी ठरलं की सुकडीला सुकडीच म्हणायचं आणि पुढे व्हिच वॉज गिव्हन टू द वर्कर्स असं लावून समजावायचं. रिलेटिव्ह क्लॉज शिकवायला मला याहून चांगला रस्ता आजवर सापडलेला नाही. बातमीलेखनासाठी विट्याच्या दसऱ्याची पालख्यांची शर्यत घेतो, रेवणसिद्धाच्या दोन पालख्या धावतात आणि अख्खा तालुका लोटतो, त्यामुळे कोण, कुठे, कधी, कसं हे विचारावं लागत नाही, उलट काय वगळायचं ते शिकवावं लागतं.

फोनचं पण लिहायला हवं. आता पोरांना फोनवर आयतं पत्र तयार मिळतं, आय होप धिस लेटर फाईंड्स यू इन गुड हेल्थ वगैरे, एकही चूक नाही आणि एकही शेळी नाही. मी रागवत नाही. फक्त म्हणते, हे बहिणीला वाचून दाखव आणि विचार, हे माझंच वाटतं का? बहुतेक जण स्वतःच खोडतात. एखादा शब्द शोधायला, स्पेलिंग बघायला फोन वापरा, मला चालतो. पण आजी खडी फोडताना कुठलं गाणं म्हणायची ते फोनला ठाऊक नाही, ते ओट्यावर बसून तिलाच विचारावं लागतं.

परीक्षेचं काय, असं विचाराल तर मी मोठे आकडे सांगणार नाही. सगळी पोरं काही ऐंशी-नव्वदला पोचली नाहीत, चाळीस-पंचेचाळीसवालेही आहेतच. पण लेखनाचा प्रश्न कोरा सोडणारी वही सराव परीक्षेत आता क्वचित दिसते. चुकतात, पण लिहितात, आणि पत्राच्या प्रश्नात माझ्या गावातून नदी वाहायची थांबली.

शेवटचं गलाईचं सांगते, दहावीचं. पॅसिव्ह व्हॉइस शिकवताना मी नेहमी राम आणि आंबा घ्यायचे, राम ईट्स अ मँगो, मग मँगो इज ईटन बाय राम, आणि पोरं फॉर्म्युला पाठ करून टाकायची. असं उलटं कोण बोलतं आणि का, हे कुणी विचारत नव्हतं. मग मी प्रोजेक्ट दिला, गलाईचं काम कसं चालतं ते इंग्रजीत लिहायचं, ज्याने कधी भट्टी बघितली नाही त्याला कळलं पाहिजे. फळ्यावरचं वाक्य होतं, "मी एका कामाच्या आठ पायऱ्या क्रमाने लिहीन आणि काम कोण करतं ते न सांगता लिहीन." पोरांनी घरी विचारून आणलं. सोनं मुशीत घालतात, टाकणखार टाकतात, वितळवतात, चांदी मिसळतात, मग ॲसिडमध्ये घालतात, चांदी विरघळते आणि सोनं खाली राहतं, ते धुतात, पुन्हा वितळवतात. मराठीत आपण असंच बोलतो ना, "घालतात, टाकतात, धुतात", कोण ते सांगत नाही. त्यामुळे सगळ्यांनी लिहिलं, दे पुट द गोल्ड, दे मेल्ट द गोल्ड. मी विचारलं, दे म्हणजे कोण? दे म्हणजे कुणीच नाही मॅडम, गलाईवाले. मग म्हटलं, जिथे कोण करतं ते महत्त्वाचं नाही तिथे इंग्रजी सोन्याला पुढे आणते. द गोल्ड इज मेल्टेड. द सिल्व्हर इज ॲडेड. त्या क्षणी वर्गातल्या निम्म्या पोरांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला राम आणि आंब्याने कधीच दाखवलं नव्हतं.

एका मुलाने फार सुंदर लिहिलं, आठच्या आठ पायऱ्या, सगळं पॅसिव्ह, एक चूक नाही. मी त्याला सांगितलं, घरी वाचून दाखव. त्याचे आजोबा तीस वर्षं सेलमला भट्टीवर होते, आता धाप लागते म्हणून गावी असतात, ओट्यावर बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला, म्हणाला, मॅडम, आजोबांना मराठीत सांगितलं सगळं. ते म्हणाले, बराबर हाय समदं, पर ह्यात मी कुटं हाय?

मी वही बघितली. रात्रीत त्याने खाली एक परिच्छेद वाढवला होता. माय ग्रँडफादर मेल्टेड द गोल्ड. माय ग्रँडफादर ॲडेड द सिल्व्हर. ही वॉश्ड इट विथ हिज हँड्स. अशी आठ वाक्यं, त्याच पायऱ्या, त्याच क्रमाने, सगळी ॲक्टिव्हमध्ये आणि सगळी भूतकाळात. वरचा परिच्छेद त्याने खोडला नव्हता. म्हणाला, वरचं ज्यानं भट्टी बगितली न्हाय त्याच्यासाठी, आन खालचं आजोबांसाठी.